ताटातल्या ‘नको’चा अर्थ

दीड वर्षापर्यंत हाताला लागेल ते तोंडात घालणारं मूल एके दिवशी ओठ घट्ट मिटून घेतं. गेल्या आठवड्यात मिटक्या मारत खाल्लेलं गाजर आज त्याला समोरही नको असतं. भातात हिरवा ठिपका दिसला की ताट सरकवलं जातं. केळं सोलताना मोडलं तर ते ‘खराब’ झालेलं असतं, आणि दोन तुकडे जोडून दाखवले तरी उपयोग होत नाही.

मग घरात निदानं सुरू होतात. एकाच्या मते मूल लाडावलंय. दुसऱ्याच्या मते त्याला खरी भूक कशी असते ते माहीतच नाही. तिसरा म्हणतो, आमच्या वेळी असले नखरे चालत नसत. आणि ज्याच्या हातात वाटी-चमचा असतो, त्याला आतून वाटत असतं की आपलंच काहीतरी चुकलं.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दोन वर्षांच्या मुलांपैकी निम्म्या मुलांना त्यांच्याच पालकांनी ‘खाण्यात चोखंदळ’ म्हटलं होतं. निम्मी मुलं नेमकी एकाच वयात बिघडतात असं मानण्यापेक्षा त्या वयातच काहीतरी आहे असं मानणं सोपं. ते काय आहे, हे आधी पाहू. बरेचसे उपाय त्यातूनच सुचतात.

भूक खरंच कमी होते

जन्मताना ३ किलोचं असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत साधारण ९ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. हाच वेग टिकला असता तर दुसऱ्या वाढदिवसाला ते २७ किलोचं झालं असतं! प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षात वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. मोठ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र वाटी चाटूनपुसून संपवणारं आठ महिन्यांचं बाळ असतं, आणि तुलना त्याच्याशी होत राहते.

त्यात मापाचा घोटाळा. लहान मुलांसाठी एक ढोबळ माप सांगतात, एका वेळी प्रत्येक पदार्थ वयाच्या वर्षामागे एक मोठा चमचा. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात आणि दोन चमचे भाजी. पुरे झालं. आपण वाढतो त्याच्या तिप्पट-चौपट, आणि उरलेल्याकडे बघून म्हणतो, ‘काहीच खाल्लं नाही.’

अमेरिकी संशोधक लीन बर्च यांनी मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर काम केलं. १९९१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २ ते ५ वर्षांच्या मुलांचं खाणं सलग काही दिवस मोजलं. एकेका जेवणाचे आकडे बेभरवशाचे निघाले. सकाळी भरपूर, दुपारी नावापुरतं, संध्याकाळी पुन्हा भरपूर. पण दिवसाची बेरीज केल्यावर ती बऱ्यापैकी एकसारखी येत होती. मुलाच्या शरीरात हिशेब ठेवणारं काहीतरी आहे, फक्त त्याचं खातं आपल्या जेवणाच्या वेळांना बंद होत नाही.

नव्याची भीती

भूक कमी होणं हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

अनोळखी अन्न टाळण्याच्या या वृत्तीला शास्त्रज्ञ फूड निओफोबिया म्हणतात. आपण सरळ नव्या अन्नाची भीती म्हणू. ती साधारण २ ते ६ वर्षांच्या दरम्यान सगळ्यात जोरात असते. हे वय लक्षात घ्या. मूल नुकतंच चालायला, मोठ्यांच्या नजरेआड जायला लागलेलं असतं. माणूस रानात राहत होता तेव्हा अशा पोराने दिसेल ती पानं-फळं तोंडात टाकली असती तर ते फार दिवस जगलं नसतं. जे ओळखीचं नाही ते तोंडात घालायचं नाही, हा नियम पाळणारी मुलं वाचली, आणि आपण त्यांचे वंशज आहोत, असा हा तर्क आहे. उत्क्रांतीचे तर्क सिद्ध करून दाखवणं अवघड असतं. तरी हा मला पटतो, कारण नाकारल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी त्याच्याशी जुळते. हिरवं, कडवट, तुरट, ओळखू न येणारं. गोड पदार्थाला भ्यालेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

गोड आवडणं आणि कडू नावडणं हे माणूस जन्मतःच घेऊन येतो. आईचं दूधही गोडसर असतं. कडूचं मात्र सगळ्यांना सारखं नसतं. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक पूड ओतत होते. थोडी पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी कुरकुरला की तोंड कडू झालं. फॉक्स यांना तर काहीच चव लागेना. शेवटी दोघांनीही ती पूड जिभेवर ठेवून पाहिली. एकाला कडूजहर, दुसऱ्याला बेचव. पुढे २००३ मध्ये यामागचं जनुक सापडलं. त्या पुडीशी रासायनिक नातं असलेली कडवट द्रव्यं कोबी, ब्रोकोली, मोहरीच्या कुळातल्या भाज्यांमध्ये असतात. तेव्हा ‘कुठे कडू आहे, मला तर नाही लागत’ हे वाक्य प्रामाणिक असूनही निरुपयोगी असू शकतं. एकाच ताटातली ब्रोकोली दोन जिभांवर दोन वेगळ्या भाज्या असते.

घराण्याचा वाटा किती, हेही मोजलं गेलं आहे. ब्रिटनमधल्या ८ ते ११ वर्षांच्या जुळ्या मुलांच्या पाच हजारांहून अधिक जोड्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नव्या अन्नाची भीती मुलामुलांत कमी-जास्त असते, त्या फरकातला सुमारे ७८ टक्के भाग जनुकांकडे जातो असं त्यात दिसलं. या आकड्याचा अर्थ ‘आता काही करता येणार नाही’ असा नव्हे. नजर अधू असणंही घराण्यातून येतं आणि चष्म्याने दिसतं. पण मूल असं का झालं, याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडणाऱ्या पालकांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. आणि जमल्यास स्वतःच्या आईला विचारावं, मी लहानपणी काय काय खात नव्हतो म्हणून.

बिस्किट दगा देत नाही

चोखंदळ मुलं काय खातात याची यादी केली तर एक गोष्ट चटकन दिसते. बिस्किट, पाव, कुरकुरीत तळलेलं काही, साधा पांढरा भात. यांना आपण ‘निकस’ किंवा ‘फिकं’ म्हणून मोकळे होतो. मुलाच्या बाजूने पाहा. पुड्यातलं प्रत्येक बिस्किट सारख्या रंगाचं, सारख्या आकाराचं, सारखंच कुरकुरतं. कालचं आणि आजचं यात फरक नाही. द्राक्षांचं तसं नाही. एक गोड लागतं, दुसरं आंबट, तिसरं मऊ पडलेलं, चौथ्यात बी. आपण मोठी माणसं याला गंमत म्हणतो, सावध मुलाला तो जुगार वाटतो.

मिसळलेल्या पदार्थांचा राग इथूनच येतो. भात वेगळा, भाजी वेगळी असेल तर मूल भात तरी खातं. एकत्र कालवलं की दोन्ही गेलं, कारण पुढच्या घासात काय येणार ते आता सांगता येत नाही. ‘शेवटी पोटात एकत्रच होणार आहे’ हा युक्तिवाद खरा असला तरी मुलाची अडचण पोटात नसून तोंडात आहे. कप्प्यांचं ताट ही स्वस्तातली सवलत आहे, द्यायला हरकत नाही.

काही मुलांना चवीपेक्षा स्पर्श छळतो. बुळबुळीत, दोरे येणारं, मऊ पदार्थात मधेच गुठळी. उबळ येते ती खरी असते, नाटक नसतं. ब्रिटनमधल्या एका दीर्घ अभ्यासात असं आढळलं की ज्या मुलांना ९ महिन्यांनंतरही बराच काळ फक्त गुळगुळीत वाटलेलं अन्न मिळालं, त्यांच्यात सातव्या वर्षी खाण्याच्या तक्रारी जास्त होत्या आणि फळं-भाज्यांची विविधता कमी होती. (अर्थात, काही घरांत मुलाला जड जातं म्हणूनच गुठळीचं अन्न उशिरा दिलं गेलं असणार. आधी कोंबडी की अंडं, हा प्रश्न इथेही आहे.) तरी तान्ह्या बाळाच्या पालकांना एवढं सांगता येईल की मिक्सर लवकर बाजूला ठेवा.

आग्रह का उलटतो

आता खरी दुखरी जागा. ‘एक घास, माझ्यासाठी’, ‘संपवल्याशिवाय उठायचं नाही’, ‘भाजी खाल्लीस तर आइस्क्रीम’. तिन्ही वाक्यं प्रेमापोटी म्हटली जातात आणि तिन्हींचा परिणाम उलटा होतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळणाघरातल्या लहान मुलांना काही आठवडे दोन प्रकारचं सूप दिलं गेलं. एक सूप देताना मोठी माणसं सौम्यपणे म्हणत राहायची, ‘सूप संपव बरं.’ दुसऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. मुलांनी न बोललेलं सूप जास्त प्यायलं. आग्रहाच्या सुपाबद्दल मात्र ‘शी’, ‘नको’ असे शेरे कितीतरी पट जास्त निघाले. लक्षात घ्या, इथे कोणी ओरडलं नव्हतं.

बक्षिसाचंही असंच. १९८० च्या दशकात बर्च यांनीच दाखवलं की ‘हे प्यायलंस तर ते मिळेल’ असं ठरवून दिलेलं पेय मुलांना नंतर पूर्वीपेक्षा कमी आवडू लागतं. मुलाचा हिशेब सरळ असतो. ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असणार. भाजीच्या बदल्यात आइस्क्रीम कबूल करताना आपण एका वाक्यात दोन धडे देतो. भाजी म्हणजे शिक्षा, आइस्क्रीम म्हणजे मुक्काम. कुलूपबंद खाऊचंही तेच होतं. डोळ्यांसमोर असून मिळत नाही, म्हणून त्याचं मोल वाढतं.

शिवाय शरीर आहेच. घाबरलेल्या माणसाची भूक मरते, हा अनुभव परीक्षेच्या सकाळी प्रत्येकाने घेतलेला असतो. ज्या मुलाला जेवणाची वेळ म्हणजे चौकशीची वेळ वाटते, त्याची भूक ताट समोर येण्याआधीच मेलेली असते. मग ते कमी खातं, मग आपण जास्त मागे लागतो. हे चक्र कोणी तरी थांबवायचं तर ते मोठ्यांनीच. तीन वर्षांच्या मुलाकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

ठरवायचं कोणी काय

‘मग काय, त्याला हवं ते खाऊ द्यायचं?’ असा प्रश्न इथे हमखास येतो. याचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका विलक्षण प्रयोगात आहे.

१९२० च्या दशकात क्लारा डेव्हिस या अमेरिकी डॉक्टरांनी नुकतंच दूध सुटलेल्या बाळांपासून सुरुवात करून एकूण १५ मुलांवर वर्षानुवर्षं एक निरीक्षण केलं. यादीत ३४ पदार्थ होते, त्यातले निवडक प्रत्येक जेवणाला वेगवेगळ्या वाट्यांत मुलासमोर ठेवले जात. परिचारिकांनी सुचवायचं नाही, भरवायला पुढे व्हायचं नाही, कौतुक नाही की रागावणं नाही. मूल ज्या वाटीकडे हात करेल ते द्यायचं. मुलांची जेवणं बघून आहारतज्ज्ञ चक्रावले असते. नाश्त्याला संत्र्याचा रस आणि कलेजी, रात्री अंडी, केळी आणि दूध. दोन मुलांची निवड कधी जुळली नाही. पण सगळी मुलं धष्टपुष्ट झाली. मुडदूस घेऊन आलेल्या एका बाळासमोर कॉड माशाच्या तेलाची वाटी ठेवली जायची; ते काही काळ आपणहून तेल प्यायलं आणि बरं झाल्यावर त्याने ते सोडलं.

आजच्या नैतिक नियमांत असा प्रयोग बसणार नाही, आणि १५ मुलं ही संख्याही लहानच. पण डेव्हिस यांनी १९३९ मध्ये स्वतःच मोलाची गोष्ट सांगितली. या प्रयोगातली खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. मुलाने काहीही निवडलं तरी चुकणं अवघड होतं. निवड मुलाची, पण यादी मोठ्यांची.

याच विचाराला पुढे आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी रोजच्या घरात वापरता येईल असं रूप दिलं. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचायला सोपं आहे. पाळताना जीभ चावावी लागते, विशेषतः मुलाने फक्त पाव खाऊन ‘झालं’ म्हटल्यावर.

म्हणून ताटात नेहमी एक तरी ओळखीचा, हमखास खाल्ला जाणारा पदार्थ असू द्या. त्याने मूल उपाशी राहत नाही आणि तुमच्याही जिवाला घोर राहत नाही. मात्र ताट नाकारल्यावर स्वयंपाकघरात जाऊन दुसरं काही करून आणायचं नाही. ‘आज हे आहे, पुढचं खाणं चार वाजता’ एवढं शांतपणे सांगायचं. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर असावं आणि मधल्या वेळात फक्त पाणी. अनेक घरांत मूल जेवत नाही कारण ते दिवसभर बिस्किटं, दूध, रस असं चरत असतं, आणि ते चरत असतं कारण ‘जेवत नाही, निदान एवढं तरी पोटात जाऊ दे.’ वर्षावरच्या मुलाला दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरतं. पाऊण लिटरच्या घरात गेलं की पोट दुधानेच भरतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. ‘जेवत नाही’ या तक्रारीवर सगळ्यात लवकर गुण येणारा उपाय बऱ्याचदा दूध मोजणं हाच असतो.

ओळख वाढवणं

नव्याची भीती ओळखीने जाते. बर्च यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात जो पदार्थ जास्त वेळा चाखला तो जास्त आवडू लागला. नकोसा पदार्थ हवासा व्हायला ८ ते १५ वेळा लागू शकतात, असा अंदाज आज सर्रास दिला जातो. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये पालकांनी मुलांना नावडती भाजी १४ दिवस रोज, फक्त चाखण्यापुरती दिली. त्या मुलांची आवड आणि खाणं दोन्ही वाढलं. आणि पालक सहसा किती वेळात हार मानतात? सुरुवातीला सांगितलेल्या २००४ च्या पाहणीत याचंही उत्तर होतं. तीन ते पाच वेळा. म्हणजे अर्ध्या वाटेवरच आपण निकाल लावतो की ‘याला भोपळा आवडत नाही.’

ही ओळख दरवेळी तोंडातूनच व्हायला हवी असं नाही. शेंगा सोलणं, पानं धुणं, ताटाच्या कडेला वाटाणा असू देणं, वास घेणं, जीभ लावून पाहणं, हे सगळं मोजणीत धरा. तोंडात घेतलेला घास नको वाटला तर शिष्टाचाराने कागदात काढून टाकायची मुभा द्या. बाहेरची वाट उघडी आहे हे माहीत असलं की आत जायला धीर येतो. तुकडा नखाएवढा असू दे. आणि ‘छान आहे, आवडेल तुला’ असं म्हणण्याऐवजी माहिती द्या. ‘हे कुरकुरतं’, ‘थोडं आंबट आहे, लिंबाइतकं नाही’. ‘छान’ हे मत आहे, त्यावर वाद होतो. ‘कुरकुरतं’ ही वाटाड्याने दिलेली खूण आहे.

आवडत्या पदार्थापासून छोटी पावलं टाकणंही कामाला येतं. मूल तळलेल्या बटाट्याच्या काड्या खात असेल तर भाजलेल्या बटाट्याच्या काड्या, मग तशाच कापलेल्या रताळ्याच्या, मग गाजराच्या. दरवेळी एकच गोष्ट बदलायची. आकार तोच तर चव वेगळी, किंवा चव तीच तर आकार वेगळा.

भाज्या वाटून पिठात लपवण्याबद्दल लोक मला विचारतात. पोषणासाठी घाला, पण विचारलं तर खोटं बोलू नका. पकडले गेलात तर ओळखीचा पदार्थही संशयाच्या यादीत जातो. शिवाय लपलेल्या पालकाच्या भाजीची ओळख कशी होणार?

शेजारी बसून कोणी तरी तेच खातंय, याचा परिणाम मोठा आहे, आणि तो दुसरं मूल असेल तर आणखी मोठा. स्क्रीन लावून भरवण्याने चार घास जास्त जातात हे खरं. पण त्या वेळी मूल खात नसतं, त्याला भरलं जात असतं, आणि ज्या ओळखीबद्दल आपण बोलतोय ती शून्यावरच राहते.

डॉक्टरांकडे कधी

बहुतेक मुलं शाळेच्या वयात हळूहळू सैलावतात. काहींचं प्रकरण वेगळं असतं. वजन कमी होणं किंवा वाढीच्या तक्त्यावरची रेघ खाली घसरणं, खाताना वारंवार ठसका किंवा घास अडकणं, गिळताना दुखणं, सतत बद्धकोष्ठता, फिकेपणा आणि थकवा, यातलं काही असेल तर वाट पाहू नका. बद्धकोष्ठतेने भूक मरते आणि लोह कमी पडलं तरी भूक मरते, आणि मग घरचे स्वभावाला दोष देत बसतात. खाण्याच्या पदार्थांची यादी वाढण्याऐवजी आखडत चालली असेल, धान्य किंवा प्रथिनं असा एखादा गटच गळला असेल, एका ठसक्याच्या किंवा उलटीच्या प्रसंगानंतर मुलाने घन पदार्थ सोडले असतील, तरीही दाखवायला हवं. स्वमग्न मुलांमध्ये अशी निवड जास्त कडक असते, आणि त्यांच्यासाठी वर सांगितलेली पावलं आणखी लहान करावी लागतात.

२०१३ पासून मानसोपचाराच्या निदानसूचीत आर्फिड नावाचा विकार आहे. यात मूल इतकं कमी किंवा इतकं मोजकं खातं की पोषण, वाढ किंवा रोजचं जगणं बिघडतं. कारण चव-स्पर्शाचा त्रास असेल, गुदमरण्याची भीती असेल किंवा खाण्यातच रस नसेल. बारीक व्हायची इच्छा मात्र त्यामागे नसते. त्यावर उपचार आहेत. बालरोगतज्ज्ञ तपासून गरजेप्रमाणे आहारतज्ज्ञाकडे, गिळण्या-चावण्यावर काम करणाऱ्या थेरपिस्टकडे किंवा मानसतज्ज्ञाकडे पाठवतात.

जाताना तीन-चार दिवसांची नोंद सोबत न्या. काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि दूध-रस किती प्यायलं. ‘काहीच खात नाही’ या वाक्यापेक्षा तो कागद डॉक्टरांच्या जास्त कामाचा असतो. काही पालकांचं तर तो लिहितानाच लक्षात येतं की यादी वाटली होती तेवढी लहान नाही.